खेळाडूची पारख कशी करावी?

“मुलाचे पाय पाळण्यांत दिसतात” अशी आपल्याकडे एक जुनी म्हण आहे. म्हण गोड आहे, आणि पुष्कळ आईबापांच्या मनास ती सुखवीतहि असते. परंतु जो मनुष्य चाळीस मुलांमधून पंधरा मुलें संघासाठीं निवडावयास मैदानावर उभा राहतो, त्यास ही म्हण फारशी उपयोगीं पडत नाहीं. त्याच्यासमोर पाळणा नसतो. कोणाचे लांब, कोणाचे आंखूड, असे चिखलानें माखलेले पुष्कळ पाय असतात. आणि त्यांपैकीं कोणते पाय चार वर्षांनीं उत्तम खेळतील हें त्याला आजच सांगावयाचें असतें. हें काम कसें करतात, त्यांत चुका कोठें होतात, आणि त्या चुकांपासून विद्यार्थ्यांनीं व पालकांनीं काय शिकावें, याचा थोडा विचार या लेखांत करावयाचा आहे.

पाटणास केरा व कोयना या नद्यांच्या संगमाच्या आसपास, किंवा तालुक्यांतील कोणत्याहि वाडीवर, सायंकाळीं मुलें खेळावयास जमलीं म्हणजे प्रथम काय होतें? दोन दांडगे गडी पुढारी होतात आणि उरलेल्यांतून आळीपाळीनें एकेक भिडू मागून घेतात. पहिला भिडू मोठ्या आवाजांत मागितला जातो; शेवटचा मागितला जात नाहीं, तो उरतो म्हणून घेतला जातो. त्या शेवटच्या मुलाचें तोंड त्या वेळीं कसें होतें हें ज्यानें पाहिलें आहे, त्याला या विषयाचें महत्त्व निराळें सांगावयास नको. याच भिडू वांटून घेण्याच्या रीतीला मोठ्या जगांत ‘ड्राफ्ट’ असें नांव आहे.

या पद्धतीचा उगम अमेरिकेंतला. तेथें ज्या खेळास फुटबॉल म्हणतात तो आपला फुटबॉल नव्हे. त्यांत लांबट चेंडू हातीं धरून पळतात. त्या खेळांतील धंदेवाईक संघांनीं १९३६ सालीं फिलाडेल्फिया शहरीं पहिला ड्राफ्ट भरविला. श्रीमंत संघांनींच सर्व चांगले तरुण पळवूं नयेत, म्हणून असा नियम केला कीं, मागील हंगामांत ज्या संघाची गत सर्वांत वाईट झाली असेल, त्यानें पहिला गडी निवडावा. मग त्याच्या वरच्यानें, आणि अशा क्रमानें सर्वांनीं. गंमत अशी कीं, त्या अगदीं पहिल्या निवडींत ज्याचें नांव सर्वांच्या आधीं पुकारलें गेलें, तो जे बर्वांगर नांवाचा तरुण धंदेवाईक सामना एकहि खेळला नाहीं! पारख करणारांचा पहिलाच नेम असा चुकला.

आपल्या देशांतहि हा प्रयोग झालेला आहे. इंडियन सुपर लीग ही फुटबॉलची स्पर्धा २०१४ सालीं सुरू झाली, त्यापूर्वीं जुलै महिन्यांत मुंबईस भारतीय खेळाडूंचा ड्राफ्ट झाला. पुढें २०१७ च्या जुलैमध्यें मुंबईसच पुन्हां मोठा ड्राफ्ट भरला. त्यांत प्रत्येक गड्याची रक्कम आधींच ठरलेली होती. क्लबनें फक्त आपली पाळी कोणावर खर्च करावयाची एवढेंच ठरवावयाचें. त्या दिवशीं जमशेदपूरच्या नव्या क्लबनें अनस एडाथोडिका या बचाव करणाऱ्या गड्यास सर्वांत प्रथम घेतलें. त्याची रक्कम एक कोटि दहा लाख रुपये होती. धांवून गोल करणाऱ्यांचें नांव वर्तमानपत्रांत मोठ्या अक्षरांत छापलें जातें. परंतु नवा संघ उभारणाऱ्यानें प्रथम आपल्या घराची भिंत बांधून घेतली, हें ध्यानांत ठेवण्याजोगें आहे.

आपल्या मातींतल्या कबड्डीनें मात्र लिलांवाची रीत स्वीकारली. प्रो कबड्डी लीग २०१४ सालीं सुरू झाली, तेव्हांपासून तींत खेळाडू बोली लावून घेतले जातात. ड्राफ्टमध्यें पाळी खर्चावी लागते, लिलांवांत पैसा खर्चावा लागतो, एवढाच भेद. दोहोंतहि ज्याच्या खिशांत पूर्वीं विचारपूर्वक तयार केलेली यादी नसते, तो शेजाऱ्याचें पाहून हात वर करतो आणि मागाहून पस्तावतो. म्हणून खरें काम निवडीच्या दिवशीं नसतें. त्यापूर्वींच्या कित्येक महिन्यांत तें झालेलें असावें लागतें.

आतां ही यादी करावी कशी?

पहिली गोष्ट गरजेची. ‘सर्वांत चांगला गडी कोण?’ हा प्रश्न अपुरा आहे. ‘आमच्या संघास कोणत्या जागेवर कसला गडी हवा?’ हा प्रश्न पुरा आहे. अकरा गोलकीपर जमवून कोणी सामना जिंकीत नाहीं. परंतु याचीहि दुसरी बाजू आहे. केवळ आजची फट बुजविण्यासाठीं सामान्य गडी घेऊन असामान्य गडी सोडून देणें, हें पेरणीच्या वेळीं बियाण्याचें धान्य दळून खाण्यासारखें आहे. म्हणून शहाणे निवडणारे दोन याद्या करतात. एकींत केवळ गुणांप्रमाणें क्रम, व दुसरींत आपल्या गरजेप्रमाणें क्रम. आणि मग दोन्ही समोर ठेवून विचार करतात.

दुसरी गोष्ट मोजमापाची. उंची, वजन, ठराविक अंतर धांवण्यास लागणारा वेळ, उंच उडी, दम या गोष्टी फितीनें व घड्याळानें मोजतां येतात. मोजमाप निःपक्षपाती असतें, हा त्याचा मोठा गुण; घड्याळ कोणाचा बाप कोण हें विचारीत नाहीं. परंतु जें मोजतां येतें तेंच महत्त्वाचें असें मनुष्याला हळूहळू वाटूं लागतें, हा त्याचा मोठा दोष. अमेरिकेंत टॉम ब्रेडी नांवाच्या तरुणास ४० यार्ड धांवावयास ५.२८ सेकंद लागले. त्या खेळाच्या मानानें हा वेग मंदच. २००० सालच्या ड्राफ्टमध्यें १९८ गडी निवडले गेल्यावर त्याचा नंबर लागला. पुढें त्यानें त्या देशाचें सर्वोच्च अजिंक्यपद सात वेळां मिळविलें. गर्दींत शांत राहून, क्षणांत योग्य साथीदार हेरून, अचूक चेंडू फेंकण्याची त्याची शक्ति कोणत्याहि घड्याळांत मावली नव्हती.

म्हणून तिसरी गोष्ट, आणि माझ्या मतें सर्वांत मोठी, म्हणजे प्रत्यक्ष खेळतांना पाहणें. सामान्य प्रेक्षक चेंडूकडे पाहतो. पारख करणाऱ्यानें चेंडूकडे न पाहतां गड्याकडे पाहावयास शिकलें पाहिजे. चेंडू पायाशीं येण्यापूर्वींच तो मान वळवून आजूबाजूस पाहतो कीं नाहीं? पहिल्याच स्पर्शांत चेंडू ताब्यांत राहतो, कीं हातभर दूर उडतो? दोन्ही पायांनीं खेळतो, कीं एकाच? चेंडू गमावल्यावर तो कमरेवर हात ठेवून उभा राहतो, कीं परत मिळविण्यास धांवतो? आपला संघ दोन गोलांनीं मागें असतां त्याचें डोकें ठिकाणावर असतें काय? पंचांचा निर्णय विरुद्ध गेला तर काय करतो? हे प्रश्न लहान दिसतात, पण चांगल्या गड्याची ओळख यांतूनच पटते. आणि एकदां पाहून हें कळत नाहीं. कोरड्या मैदानावरील चपळ मुलगा आपल्याकडच्या पावसाळ्यांतील चिखलांत गोंधळतो. दुबळ्या संघाविरुद्ध चमकणारा बलवान संघापुढें दिसेनासा होतो. यासाठीं एकाच मुलास निदान चार-पांच वेळां, निरनिराळ्या मैदानांवर व निरनिराळ्या प्रतिस्पर्ध्यांविरुद्ध पाहावें.

चौथी गोष्ट स्वभाव व शरीर यांची. शिकवलेलें ऐकतो काय, सरावास वेळेवर येतो काय, जुनी दुखापत लपवितो काय, ही चौकशी मुलाच्या शिक्षकांपाशीं व सवंगड्यांपाशीं करावी. मैदानावर तास-दीड तास दिसणारा मुलगा हा त्याच्या दिवसाचा लहानसा भाग असतो.

आतां हे चार प्रकारचे गुण एकत्र कसे करावयाचे, हें एका काल्पनिक उदाहरणानें पाहूं. समजा, अ, ब व क असे तीन मुलगे आहेत. वेग, चेंडूवरील ताबा, खेळाची समज आणि स्वभाव यांस प्रत्येकीं दहापैकीं गुण दिले. अ यास ९, ६, ५, ५ मिळाले. ब यास ५, ७, ८, ८. आणि क यास ७, ८, ६, ६. बेरीज अनुक्रमें २५, २८ व २७ होते. म्हणजे ब पहिला. परंतु आपणांस मैदानाच्या कडेनें धांवणारा गडी हवा आहे म्हणून वेगाचे गुण दुप्पट धरले, तर बेरीज ३४, ३३ व ३४ होते, आणि पहिला असलेला ब शेवटीं जातो! उलट मध्यभागीं राहून खेळ चालविणारा हवा म्हणून समजेचे गुण दुप्पट धरले, तर ३०, ३६ व ३३ अशी बेरीज येऊन ब फार पुढें निघून जातो. मुलगे तेच, त्यांचे गुण तेच. बदलली ती आपली गरज. आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. दुसऱ्या हिशेबांत पहिला व शेवटचा यांच्यांत एकाच गुणाचें अंतर आहे. पाहणाऱ्याच्या डोळ्याला एका गुणाची चूक सहज होऊं शकते. म्हणून अनुभवी लोक एक, दोन, तीन अशा क्रमांकांवर फार भिस्त ठेवीत नाहींत. जवळजवळ सारख्या गड्यांची एक पंगत करतात. पहिल्या पंगतींतले, दुसऱ्या पंगतींतले, तिसऱ्या पंगतींतले. एकाच पंगतींतल्या दोघांत भांडण लावणें म्हणजे नसलेली अचूकता असल्याचें सोंग आणणें होय.

इतकी काळजी घेऊनहि चुका होतात. त्यांतील तीन फार जुन्या व हट्टी आहेत.

पहिली चूक नांवाची. एका मोठ्या माणसानें एकाद्या मुलाची वाहवा केली कीं बाकीच्यांचे डोळेहि तेंच पाहूं लागतात. यावर उपाय असा कीं, दोन-तीन पाहणारांनीं आपापसांत एक शब्दहि बोलण्यापूर्वीं आपलें मत निरनिराळें लिहून ठेवावें, आणि मग कागद उघडावे. जेथें मतें जुळत नाहींत तेथें त्या मुलास पुन्हां पाहावें.

दुसरी चूक वयाची. चौदा वर्षांखालील किंवा सतरा वर्षांखालील संघ निवडतांना वर्षाची एक तारीख ठरलेली असते. समजा, ती १ जानेवारी आहे. मग जानेवारींत जन्मलेला व डिसेंबरांत जन्मलेला असे दोन मुलगे एकाच गटांत येतात. परंतु त्यांच्यांत जवळजवळ एका वर्षाचें अंतर असतें. तेराव्या वर्षीं एक वर्ष म्हणजे कित्येक वेळां वीतभर उंची! १९८५ सालीं कॅनडांतील अभ्यासकांनीं तेथील बर्फावरच्या हॉकीच्या खेळाडूंचे जन्ममहिने तपासले, तेव्हां वर्षाच्या आरंभींच्या महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा फार अधिक दिसून आला. मोठ्या दिसणाऱ्या मुलास संघांत घेतलें, त्याला अधिक शिक्षण व अधिक सामने मिळाले, म्हणून तो खरोखरच अधिक चांगला झाला. आणि लहानखुरा मुलगा घरीं बसला तो कायमचाच. म्हणून निवडणाऱ्यानें प्रत्येक नांवापुढें जन्ममहिना लिहिलाच पाहिजे. आज जो अंगानें पुढें आहे तो गुणानेंहि पुढें आहे असें समजूं नये.

तिसरी चूक जागेची. मुलगा ज्या ठिकाणीं आज खेळतो तेंच त्याचें ठिकाण, असें आपण धरून चालतों. आपल्या जिल्ह्यांतील माण तालुक्यांत मोही नांवाचें गांव आहे. तेथील ललिता बाबर यांनीं प्रथम लांब पल्ल्याच्या शर्यतींत नांव कमावलें व मुंबईच्या मॅरेथॉनमध्यें भारतीय स्त्रियांत अग्रस्थान मिळविलें. पुढें त्या अडथळ्यांच्या तीन हजार मीटर शर्यतीकडे वळल्या, आणि २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्यें त्या शर्यतीची अंतिम फेरी गांठून त्यांनीं दहावें स्थान मिळविलें. एका जागीं चांगला असलेला खेळाडू दुसऱ्या जागीं उत्तम ठरूं शकतो. पण त्यासाठीं कोणीतरी ती दुसरी जागा सुचवावी लागते.

आतां दोन उदाहरणें सांगतों. एक शेजारच्या कोल्हापूर जिल्ह्यांतलें. चंदगड तालुक्यांतील हुंदळेवाडीचा सिद्धार्थ देसाई हा कबड्डीपटु २०१८ च्या लिलांवांत मुंबईच्या संघास ३६ लाख ४० हजार रुपयांस मिळाला. त्याच लिलांवांत सहा गड्यांची किंमत एक कोटि किंवा त्याहून अधिक गेली होती. त्या पहिल्याच हंगामांत सिद्धार्थनें चढाईंत २१८ गुण मिळविले, आणि पुढच्या वर्षीं तेलुगु टायटन्स या संघानें त्यास एक कोटि पंचेचाळीस लाख देऊन घेतलें. येथपर्यंतची गोष्ट सर्वांना आवडते. पुढची कमी लोक सांगतात. त्या वर्षींहि सिद्धार्थनें दोनशेंहून अधिक गुण मिळविले, तरी त्याचा संघ बारांत अकरावा आला. गड्याची पारख बरोबर होती. परंतु एका खांबावर मांडव उभा राहत नाहीं, हा हिशेब चुकला होता.

दुसरें उदाहरण फुटबॉलचें. २०१७ सालीं सतरा वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा आपल्या देशांत भरली. आपल्या संघांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता. ज्या शहरांत तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर फुटबॉल खेळतात आणि गांव लोटतें, तेथून आलेला हा मुलगा. त्याच संघांत मणिपूरचा जीक्सन सिंग हाहि होता. कित्येक वर्षें खपून तयार केलेल्या मूळ तुकडींत तो नव्हता. स्पर्धा तोंडावर आली असतां पंजाबांतील एका क्लबच्या मुलांतून तो घेतला गेला. ९ ऑक्टोबर रोजीं दिल्लीस कोलंबियाविरुद्ध डोक्यानें चेंडू मारून फुटबॉलच्या जागतिक स्पर्धेंतील भारताचा पहिला गोल केला तो या मागाहून आलेल्या मुलानें! ज्यांनीं मूळ यादी केली ते मूर्ख नव्हते. परंतु ज्यांनीं ती यादी पुन्हां उघडली ते अधिक शहाणे ठरले.

आणि यादी पुन्हां उघडली नसती तर काय गमावलें असतें, याचें सर्वांत मोठें उदाहरण आपल्या अगदीं शेजारीं आहे. कऱ्हाड तालुक्यांतील गोळेश्वरचे खाशाबा जाधव हे १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्यें कुस्तींत सहावे आले होते. तरी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठीं निवड झाली तेव्हां त्यांचें नांव वगळलें गेलें. खाशाबा गप्प बसले नाहींत. त्यांनीं पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हां कुस्ती लावण्यांत आली. ती त्यांनीं जिंकली. मग प्रवासाच्या पैशाची अडचण. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डीकर यांनीं आपलें राहतें घर गहाण ठेवून त्यांस सात हजार रुपये दिले. हेलसिंकीस खाशाबांनीं कांस्यपदक मिळविलें. स्वतंत्र भारतास व्यक्तिगत खेळांत मिळालेलें तें पहिलें ऑलिंपिक पदक होय. एका यादींतून नांव गळालें होतें. तें गळालेलेंच राहतें तर त्या पदकाची जागा रिकामी राहिली असती, आणि आपण काय गमावलें हें आपणांस कधीं कळलेंहि नसतें. न निवडलेल्या मुलाबद्दलची चूक ही अशी मुकी असते. निवडलेला अपयशी ठरला तर सर्वांना दिसतें. वगळलेला काय झाला असता, हें कोणालाच दिसत नाहीं.

यावरून पारख करणाऱ्यानें आपली वही कशी ठेवावी तें सुचतें. निवड करतांना ‘या मुलाबद्दल मला असें कां वाटतें’ हें तारखेसह लिहून ठेवावें. वर्षानें, दोन वर्षांनीं ती वही उघडून आपण कोठें चुकलों हें पाहावें. वेगाला नेहमीं भुलतों काय? बोलघेवड्या मुलास अधिक गुण देतों काय? वाडीवरून अनवाणी चालत येणाऱ्या मुलास नीट पाहिलेंच नाहीं काय? जो अशा रीतीनें स्वतःची परीक्षा घेत नाहीं, त्यानें मुलांची परीक्षा घेऊं नये. आणि प्रत्येक हंगामाच्या आरंभीं मागच्या वर्षीं वगळलेल्या मुलांस पुन्हां एकदां बोलवावें. यास खर्च कांहींच नाहीं. एक सायंकाळ पुरते.

पालकांस एवढेंच सांगणें आहे कीं, मुलाचें नांव यादींत आलें नाहीं तर त्याच्यावर रागावूं नये, आणि आलें तर त्याला डोक्यावर घेऊं नये. कोणतीहि यादी म्हणजे एका दिवशीं, कांहीं डोळ्यांनीं, कांहीं गरज मनांत धरून बांधलेला अंदाज असतो. तो मुलाच्या किंमतीचा दाखला नव्हे.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांस दोन गोष्टी. जो भिडू शेवटीं उरतो त्यानें मैदान सोडूं नये. सरावास यावें, काय कमी पडतें तें शिक्षकांस विचारावें, आणि पुढील वेळीं पुन्हां उभें राहावें. आणि जो भिडू मागणारा पुढारी आहे, त्यानें उद्यां सायंकाळीं शेवटीं उरणाऱ्या मुलास एकदां पहिल्यानें मागून पाहावें. तो कसा खेळतो हें त्याला तरी पूर्वीं कोठें ठाऊक होतें?